हस्तकौशल्याची शिष्यवृत्ती : जन्माची नव्हे, निवडीची
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या मेळाव्यात शिष्यवृत्तीचा विषय निघाला नाही, असे बहुधा होत नाही. ते स्वाभाविकच आहे. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या शिष्यवृत्तीच्या बळावर शिकला, आणि म्हणूनच येथे ब्रिटनमध्ये स्थिरावल्यावर गावाकडच्या मुलामुलींना हात देणे हे आपण कर्तव्य मानले. या कर्तव्यात आपण कमी पडलो नाही. परंतु आपली मदत कोणाकडे जाते, हे आपण एकदा तपासून पाहिले पाहिजे. ती वैद्यकाच्या विद्यार्थ्याकडे जाते, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे जाते, संगणकशास्त्र शिकणाऱ्याकडे जाते, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याकडे जाते. जो मुलगा सुतारकाम शिकू इच्छितो, जी मुलगी दागिने घडविणे, पुस्तकबांधणी किंवा दगडावरचे कोरीवकाम शिकू इच्छिते, तिच्या अर्जासाठी आपल्या छापील नमुन्यात रकानाच नाही. आज आम्ही या न छापलेल्या रकान्याविषयी बोलणार आहोत.

एक रास्त आक्षेप

हा विषय काढताच वडीलधाऱ्यांच्या मनात कोणता आक्षेप उभा राहील, याची आम्हांस जाणीव आहे. "बाबासाहेबांनी आपल्याला त्या कामांतून बाहेर काढले. मेलेली ढोरे ओढणे सोडा, गावकीची कामे सोडा, शिका, असे सांगितले. आणि आता आमच्या नातवंडांनी पुन्हा रापी आणि वाकस हाती घ्यायचे काय?"

हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. त्यामागे पिढ्यांची वेदना आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले, ते वतनाच्या नावाखाली चाललेली वेठ संपावी म्हणूनच. ती वतने कायद्याने नाहीशी व्हायला मुंबई राज्यात १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर आपण धम्म स्वीकारला, त्या वर्षीही ही बेडी कायद्याने तुटलेली नव्हती. ती तोडून आलेल्या समाजाने हातकामाकडे संशयाने पाहिले, तर त्यात नवल ते काय?

परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आपल्या पूर्वजांवर जो अन्याय झाला तो हाताने काम करावे लागल्याचा नव्हता. कोणते काम करावे हे जन्माने ठरविले गेले, आणि त्या कामाचे मोल व मान दोन्ही नाकारले गेले, याचा तो अन्याय होता. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात बाबासाहेबांनी हाच भेद स्पष्ट केला आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीत माणसाच्या कलाला व निवडीला स्थान नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाचा निष्कर्ष "हातकाम वाईट" असा निघत नाही. प्रत्येक काम प्रत्येकाला खुले असले पाहिजे, असा तो निघतो.

गिरणीतील धोटा

बंद दारांचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्या इतिहासात आहे, आणि डॉक्टर या नात्याने ते आम्हांस विशेष बोलके वाटते. गिरणगावात ज्याला साचाखाते म्हणत, त्या विणकाम खात्यात सूत खात्यापेक्षा चांगली मजुरी मिळे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यातील कांडी संपली म्हणजे नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो; तो धोटा अनेकांच्या तोंडी लागतो; सबब तेथे अस्पृश्य नको. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांनी आधी आपल्याच खात्याचे दार उघडावे, ही त्यांची मागणी होती.

आता याची दुसरी बाजू पाहा. याच ब्रिटनमध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांतही धागा तोंडानेच ओढला जाई. येथे त्या प्रथेवर आक्षेप घेतला गेला तो आरोग्याच्या कारणासाठी, कारण थुंकीतून रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ मध्येच अशा धोट्याविरुद्ध कायदा केला. एकच धोटा, एका देशात त्यावरून प्रश्न विचारला गेला की अवजार कसे सुधारावे, आणि दुसऱ्या देशात, माणूस कसा बाहेर ठेवावा! अवजार सुधारले असते तर कामगाराचे आरोग्यही राखले गेले असते आणि सबबही उरली नसती.

म्हणून, बंधू-भगिनींनो, आपला समाज कौशल्यापासून दूर राहिला असे जे म्हटले जाते ते अपुरे आहे. ज्या कौशल्याला चांगली मजुरी आणि मान होता त्यापासून त्याला दूर ठेवण्यात आले.

बाबासाहेबांनी मागितलेली उमेदवारी

बाबासाहेबांनी विद्यापीठीय शिक्षणासाठी काय केले हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. कारागिरीच्या शिक्षणासाठी त्यांनी काय मागितले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. त्या मागणीतून पुढे १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली, जिच्या आधारावर या सभागृहातील कित्येक जण शिकले. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळा येथे आमच्या तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या.

छापखाना आणि रेल्वेची कार्यशाळा! म्हणजे खिळे जुळविणारा, यंत्र चालविणारा, लोखंड घडविणारा हात. अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेल्या महापुरुषाला या हाताचे मोल कमी वाटले नाही. त्यांच्या मजूर खात्याकडे त्या काळी बेविन योजनाही होती. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९४१ मध्ये सुरू झाली आणि तीनुसार भारतीय तरुणांना या देशातील कारखान्यांत कौशल्य शिकण्यासाठी आणले जाई. म्हणजे भारतातून ब्रिटनमध्ये केवळ बॅरिस्टर व डॉक्टर होण्यासाठीच तरुण आले असे नाही. फिटर आणि टर्नर होण्यासाठीही आले, आणि तेही सरकारी विद्यावेतनावर.

पुढे शिष्यवृत्त्यांचा धागा आपण घट्ट धरला. उमेदवारीचा धागा मात्र हातातून सुटला. स्वतंत्र भारतात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आली. पण तो कायदा मुख्यतः कारखान्यांसाठी आहे. लहानशा खोलीत एकटा उस्ताद आणि त्याच्या हाताखाली एक शागीर्द, असे जे काम चालते, तेथवर त्याचा प्रकाश पोहोचत नाही.

धम्मात शिल्पाला स्थान

धम्माच्या दृष्टीनेही या प्रश्नाकडे पाहावे. आपण प्रत्येक मंगल प्रसंगी जे मंगल सुत्त म्हणतो, त्यात बहुश्रुतपणाच्या जोडीला शिल्प, म्हणजे हाताचे कौशल्य, हेही उत्तम मंगल मानले आहे. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची कर्तव्ये सांगताना मुलाला शिल्प शिकविणे हे त्यांपैकी एक सांगितले आहे. विनयाचे सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून गौरविले गेलेले उपाली हे पूर्वाश्रमीचे न्हावी होते. तथागतांनी अखेरचे भोजन ज्याच्या घरी घेतले तो चुन्द लोहाराचा पुत्र होता.

आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांत याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केल्याचा लेख तेथे आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आढळतो. ज्यांचे नाव पुढच्या समाजव्यवस्थेने पुसून टाकले, त्या कारागिराला बौद्ध संघाच्या वास्तूत स्वतःच्या नावाने उभे राहता आले, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर आमच्या आजच्या विषयाला थेट भिडतो. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० आणि १००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही; तिच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंच्या चीवरांचा व इतर खर्च भागवायचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांची संघटना विश्वस्त म्हणून पात्र मानली जात होती. कारागिरांच्या हाती भांडवल सोपविले तर ते बुडते, असे समजणाऱ्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

टाके घालायला शिकण्याचे वेतन

आम्ही व्यवसायाने डॉक्टर आहोत, म्हणून आमच्या व्यवसायाचीच साक्ष काढतो. आज शल्यचिकित्सकाला समाजात केवढा मान आहे! परंतु १५४० ते १७४५ या काळात लंडनचे शल्यचिकित्सक आणि न्हावी एकाच संघात होते. विद्यापीठाची पदवी घेतलेला तो 'डॉक्टर' आणि उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकलेला तो 'मिस्टर', असा भेद होता. येथील शल्यचिकित्सक आजही स्वतःला 'मिस्टर' म्हणवून घेतात, ते त्या उमेदवारीची आठवण म्हणून, आणि अभिमानाने! मधल्या काळात बदलले ते काय? काम हाताचेच राहिले. त्याच्याभोवती प्रशिक्षणाची शिस्त आली, परीक्षा आली, संस्था आली, आणि शिकणाऱ्याच्या पोटाची सोय झाली. मान त्यामागून आला.

आम्ही जखमेला टाके घालायला शिकलो तेव्हा आम्हांस विद्यावेतन मिळत होते. पहिले टाके वाकडे पडले तरी त्या महिन्याचे वेतन थांबले नाही. चामड्याला टाके घालायला शिकणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून घरी पैसे न्यावे लागतात. आणि न्यावे लागतात म्हणून तो पुरते शिकण्याआधीच मिळेल त्या मजुरीला लागतो. बुद्धी दोघांनाही लागते, सराव दोघांनाही लागतो. एकाच्या शिकण्याचा खर्च समाज उचलतो, दुसऱ्याच्या शिकण्याचा खर्च त्याच्या उपाशी घराने उचलायचा, ही विषमता आपण मान्य करावी काय?

वैद्यकशास्त्राने कारागिराचे ऋण कसे विसरावे याचेही एक उदाहरण आहे. ज्या 'जयपूर फूट'ने असंख्य अपंगांना पुन्हा चालते केले, तो कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये घडला तो अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या जोडीने. मांडी घालून बसता येईल, अनवाणी शेतात चालता येईल असा पाय कसा असावा, हे कारागिराच्या हाताने आणि डॉक्टरांच्या शरीरज्ञानाने मिळून शोधले. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला, आणि ते त्यास सर्वथा पात्र होते. परंतु त्या कारागिराचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

येथील व्यवस्था

ज्या देशात आपण राहतो त्याने हा प्रश्न कसा हाताळला, हे आपण जवळून पाहू शकतो. लंडनमध्ये १८७८ साली 'सिटी अँड गिल्ड्स' ही संस्था स्थापन झाली आणि कारागिरीलाही परीक्षा व प्रमाणपत्र मिळू लागले. १९९० मध्ये 'क्वीन एलिझाबेथ स्कॉलरशिप ट्रस्ट' स्थापन झाला. तो केवळ हस्तकौशल्याच्या प्रशिक्षणासाठी पैसा देतो. अलीकडच्या वर्षांत त्याची शिष्यवृत्ती १८,००० पौंडांपर्यंत गेली आहे, आणि व्यवसायाच्या आरंभी असलेल्या कारागिरांसाठी त्याचे वेगळे अनुदानही आहे. 'हेरिटेज क्राफ्ट्स' ही दुसरी संस्था २०१७ पासून लोप पावणाऱ्या कारागिरींची यादी प्रसिद्ध करते आणि नवशिक्यांना ४,००० पौंडांपर्यंतचे साहाय्य देते. पहिल्याच यादीत, हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू बनविण्याची कला या देशातून नष्ट झाल्याची नोंद होती. क्रिकेटच्या मायदेशी चेंडू शिवणारा हात उरला नाही! ते चेंडू आता आपल्याकडे मेरठ, जालंधर अशा गावांत शिवले जातात, आणि ते शिवणारे हात बहुतांशी कोणत्या समाजाचे आहेत हे आपणांस सांगायला नको. येथे जे कौशल्य वारसा म्हणून हळहळीचा विषय झाले, ते तेथे अजूनही 'खालचे काम' म्हणून कमी मजुरीत चालते.

या संस्थांच्या अनुभवातून एक गोष्ट ध्यानी येते. कारागिरीचे शिक्षण अडते ते वेळेपाशी. बहुतेक उस्ताद एकटे काम करतात. नवशिक्याला शिकवायचे तर त्यांचे स्वतःचे काम मागे पडते. आणि नवशिक्याजवळ त्यांना द्यायला काही नसते. म्हणून चांगले अनुदान दोघांचाही वेळ विकत घेते : शिकणाऱ्याचा उदरनिर्वाह आणि शिकविणाऱ्याचे मानधन. अवजारे आणि कच्चा माल ही त्यानंतरची बाब.

आपल्याकडील योजना आणि तिची चौकट

भारतात १७ सप्टेंबर २०२३ रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू झाली. १३,००० कोटी रुपयांची तरतूद, १८ व्यवसाय, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. विद्यावेतन आहे, अवजारे आहेत, भांडवल आहे. या गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. आपल्या नात्यागोत्यातील जे कोणी पात्र असतील त्यांनी तिचा लाभ जरूर घ्यावा.

तथापि दोन गोष्टी खटकतात. पहिली, मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे. आधीच येणारे काम सुधारण्यास ते पुरेसे असेल, परंतु नव्याने शिकणाऱ्यास कदापि नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. योजनेची भाषा कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या व्यवसायांची आणि गुरुशिष्य परंपरेची आहे. चांभाराच्या मुलाने चांभारकाम, सोनाराच्या मुलाने सोनारकाम, ही जी जुनी चौकट, तिलाच विद्यावेतनाचा मुलामा मिळण्याचा धोका येथे आहे. बीड जिल्ह्यातील बौद्ध मजुराच्या मुलीला सोन्याचांदीचे काम शिकायचे असेल, तर या चौकटीत तिची वाट कोठून जाते?

हा धोका केवळ आम्हांसच दिसला असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी याच कारणावरून ही योजना आहे त्या स्वरूपात नाकारली, आणि २०२५ मध्ये त्या राज्याने २५ व्यवसायांची स्वतःची योजना आणली. तीत घराण्याच्या धंद्याची अट नाही, आणि किमान वय ३५ ठेवले आहे. कोवळ्या मुलांनी शिक्षण सोडून बापाच्या धंद्याकडे वळू नये, हा त्यामागील हेतू आम्ही समजू शकतो. पण त्यामुळे वीस-बावीस वर्षांचा जो तरुण स्वतःच्या आवडीने एखादे हुन्नर शिकू पाहतो, तो तेथेही बाहेरच राहतो. एका योजनेचे दार जन्माकडे पाहून उघडते, दुसरीचे वय उलटून गेल्यावर. या दोहोंमधल्या जागेत आपल्यासारख्या स्वयंसेवी मंडळांचे काम आहे.

कारागिराजवळ कौशल्य असले तरी नाव व नफा दुसऱ्याकडे जातो, याचे ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाची पादत्राणे कोल्हापूरचे नाव न घेता मांडली. कारागिरांनी आवाज उठविला तेव्हा कंपनीने मूळ कबूल केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, ज्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे. मानांकनाचा कागद जवळ होता. पण आपल्या कलेविषयी बोलू शकणारा, हिशेब जाणणारा, घाट बदलू शकणारा शिकलेला कारागीर असेल तरच तो कागद कामास येतो.

आमची सूचना

हे सर्व सांगण्याचा हेतू केवळ व्याख्यान देण्याचा नाही. मंडळापुढे आम्ही एक निश्चित प्रस्ताव ठेवीत आहोत. आपल्या शिक्षणनिधीचा एक ठरावीक हिस्सा हस्तकौशल्य शिकणाऱ्या तरुणांसाठी वेगळा काढावा. त्याचे नियम असे असावेत :

१. अर्जात वडिलांचा धंदा विचारू नये. कोणालाही कोणतेही हुन्नर शिकता यावे : सतार जुळविणे असो, कृत्रिम अवयव घडविणे असो, मूर्तिकाम असो वा पुस्तकबांधणी.

२. साहाय्य निदान एक वर्षाचे असावे आणि ते दरमहा मिळावे, म्हणजे घरच्या गरजेपायी शिकणे अर्धवट सुटणार नाही.

३. शिकविणाऱ्या उस्तादाला स्वतंत्र मानधन द्यावे. विद्यार्थ्याला फुकट राबवून घेण्याची पळवाट त्यामुळे बंद होईल.

४. अवजारे विद्यार्थ्याच्या मालकीची असावीत. प्रशिक्षण संपल्यावर ती त्याच्याबरोबर जावीत.

५. निम्म्या जागा मुलींसाठी असाव्यात.

६. डोळ्यांचे, हातांचे व फुप्फुसांचे रक्षण हा प्रशिक्षणाचा भाग मानावा. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, बंद खोलीत चिकटद्रव्यांच्या वाफेने होणारा त्रास, या गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. या कामी आपल्यातील डॉक्टरांनी वेळ द्यावा. आम्ही स्वतः तो देण्यास बांधील आहोत.

७. प्रशिक्षण संपताच पहिले काम आपणच द्यावे.

या शेवटच्या नियमाविषयी दोन शब्द अधिक बोलतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढून कारागिरीच्या शिक्षणाची सोय केली होती. त्या द्रष्ट्या राजाला दोन्ही विद्या सारख्याच मोलाच्या वाटल्या. परंतु १९१७ मध्ये शिकून परतलेल्या बाबासाहेबांना त्याच बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, हा इतिहास आपण जाणतो. शिष्यवृत्ती मिळाली, विद्या मिळाली, पण ती विद्या वापरण्यासाठी पाय टेकायला जागा नव्हती. कारागिराच्या बाबतीत ही जागा म्हणजे पहिले गिऱ्हाईक. आपल्या विहारांसाठी आपण बुद्धमूर्ती मागवितो, बाबासाहेबांचे अर्धपुतळे मागवितो, सन्मानचिन्हे मागवितो, या स्मरणिकेचीही छपाई आणि बांधणी करून घेतो. यांतील काही कामे आपल्याच शिष्यवृत्तीधारकांकडे का जाऊ नयेत? दयेपोटी नव्हे, काम चांगले असेल तर, आणि रास्त मोल देऊन.

निधी पाठविताना कायद्याचे भान ठेवावे लागेल. परकीय देणग्यांविषयीचा २०१० चा भारतीय कायदा २०२० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला आहे. नोंदणीकृत संस्थेला दिलेली देणगी ती संस्था पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणून जी संस्था प्रत्यक्ष प्रशिक्षण देते आणि जिची रीतसर नोंदणी आहे, तिच्याशीच थेट संबंध जोडावा. आपल्यातील हिशेबनिसांनी व वकिलांनी हे काम अंगावर घ्यावे.

शेवटी एक विनंती येथे वाढलेल्या मुलांच्या आईवडिलांना. आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला लाकडाची, धातूची, कापडाची ओढ असेल, तर "त्यासाठी का आम्ही समुद्र ओलांडून आलो?" असे विचारू नका. आपण समुद्र ओलांडला तो मुलांना निवड करता यावी म्हणून. ज्या निवडीत डॉक्टर आणि इंजिनिअर एवढीच दोन दारे आहेत, ती निवड अपुरी आहे. बापजाद्यांना जे काम बळजबरीने करावे लागले तेच काम मुलाने स्वखुशीने, शिकून, रास्त मोलाने आणि ताठ मानेने केले, तर ते जुन्या गुलामीकडे परतणे होत नाही. आणि त्याने ते न करता दुसरेच काही निवडले, तर तोही त्याचा तितकाच हक्क. शिष्यवृत्तीने या हक्काचे रक्षण करावे, एवढेच आमचे मागणे आहे.

पुढील वर्षीच्या अर्जाच्या नमुन्यात हा नवा रकाना छापून यावा, आणि त्या रकान्यात निदान पाच नावे भरली जावीत, एवढा संकल्प आज करू या.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जयभीम!